फरक शून्य

सरकारी खाते काढायला एक सही पुरते. ते बंद करायला शंभर सह्याही पुरत नाहीत, कारण त्यावाचून कोणाचे काय अडेल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्राध्यापक अच्युतराव मांजरेकर यांनी हे वाक्य तीस वर्षे व्याख्यानांतून, लेखांतून आणि घरच्या जेवणाच्या टेबलावरून इतक्या वेळा उच्चारले होते, की त्यांची कन्या ऋता शाळेत असताना त्यांच्या आधीच ते पूर्ण करून मोकळी होत असे. एकतिसाव्या वर्षी या वाक्याचा उत्तरार्ध खोटा ठरला. तो खोटा ठरवणारे यंत्र खुद्द अच्युतरावांनीच बांधले होते.

यंत्राचे नाव अभावदर्शक. त्यामागची कल्पना समजायला अवघड नाही. एखाद्या खोऱ्यात दोन गावे आहेत असे समजा. पाऊस सारखा, विहिरी सारख्या, गरिबी सारखी, दवाखान्याचे अंतरही सारखे. एका गावाला सरकारी नोकर आहे, दुसऱ्याला नाही. मग दोन्ही गावांतल्या माणसांच्या आयुष्यात जे अंतर दिसेल, ते त्या नोकराच्या असण्याचे मोल. माणसाला अशा जोड्या दहा-वीस सापडतील; अभावदर्शक साठ वर्षांचे सरकारी दप्तर, उपग्रहांची चित्रे आणि रुग्णालयांच्या नोंदी एकत्र वाचून लाखो जोड्या लावत असे. जिथे हुबेहूब जोडी मिळत नसे तिथे ते गणिताने गावाची प्रतिकृती रचून तिच्यावर पंधरा-वीस वर्षे लोटू देई. एवढ्या उलाढालीअंती ते एकच ओळ लिहीत असे : ही सेवा बंद केल्यास पडणारा फरक अमुक.

विधिमंडळाने त्या ओळीला कायद्याचे बळ दिले. ज्या सेवेचा फरक शून्य, ती आधी चार तालुक्यांत बंद करायची आणि वर्षभराने सबंध राज्यात. त्यासाठी व्ययविवेक मंडळ स्थापन झाले आणि अच्युतराव त्याचे अध्यक्ष झाले. चार वर्षांत एकतीस सेवा बंद पडल्या आणि कोणाचे काही अडल्याचे दिसले नाही. विधानसभेतील विरोधकदेखील हे कुरकुरत मान्य करीत. बत्तिसावी सेवा होती जलपरीक्षकांची.

जलपरीक्षक म्हणजे खेडोपाडी फिरून विहिरींत आणि झऱ्यांत क्लोरीनची पावडर टाकणारा आणि नंतर पाणी तपासणारा माणूस. नळयोजनांच्या टाक्यांना संवेदक बसून बरीच वर्षे झाली होती. परंतु डोंगरातल्या वाड्यांची तहान अजूनही विहिरीच भागवीत होत्या. निम्म्याहून अधिक तालुक्यांत यांतली काही पदे रिक्त होती. भरलेल्या पदांची गावे आणि रिक्त पदांची गावे यांची तुलना करण्यास याहून सोयीचा योग कोणता? अभावदर्शकाने तुलना केली आणि लिहिले : फरक शून्य. जानेवारीत चार तालुक्यांतले जलपरीक्षक घरी गेले. त्यांच्याऐवजी प्रत्येक कुटुंबाला जंतुनाशक थेंबांची बाटली घेण्यासाठी कुपन देण्यात आले. नागरिकाला आपले पाणी स्वतः शुद्ध करू द्यावे, त्यासाठी त्याच्या विहिरीवर नोकर उभा करू नये, हा त्यामागचा विचार अच्युतरावांचाच.

त्या चार तालुक्यांपैकी धामणखोरे तालुक्याच्या रुग्णालयात ऋता डॉक्टर होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"बाबा, तुम्ही इकडे या."

"तुझ्या नोंदी रोज सकाळी माझ्यासमोर असतात. मी वाचतो त्या."

"नोंदी नका वाचू. या."

"हे बघ, डोळ्यांनी पाहिलं की माणूस हेलावतो. हेलावलेला माणूस वाईट निर्णय घेतो. म्हणून तर..."

"म्हणून तर यंत्र बांधलं. पाठ आहे मला. सकाळच्या गाडीने निघालात तर जेवायला पोचाल."

विधिमंडळाच्या समितीची बैठक तीन आठवड्यांवर आली होती. तिथे जलपरीक्षकांची सेवा राज्यभर बंद करण्याचा ठराव यायचा होता. अच्युतराव निघाले, ते लेकीच्या हट्टाखातर. निदान स्वतःला त्यांनी तसे सांगितले.

प्रसूतीच्या वॉर्डातील पाच खाटा एका बाजूला ओढून त्यांच्याभोवती पडदे लावले होते. पाचही स्त्रियांचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. कडेच्या खाटेवर सरिता ढवण नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. तिला आठवा महिना लागला होता. ती जागी होती, पण सासूच्या प्रश्नांना उत्तरे देताना मधूनच भलतेच बोलत होती. सासू अच्युतरावांना म्हणाली, "कालपासनं माहेरच्या म्हशीला हाका मारतेय. म्हस विकून चार वर्षं झाली."

ऋता त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन आली. "काविळीचा ई प्रकार. दूषित पाण्यातून येतो. तुम्हाला-मला झाला तर महिनाभर मुगाची खिचडी खाऊन बरे होऊ. पोटुशीला शेवटच्या महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जातात. का, ते अजून नीट कळलेलं नाही. मेंदूवर परिणाम दिसू लागला की माझ्या हातात फार काही राहत नाही."

"कुपनं दिली होती."

"बाटल्या घेतल्यात ना लोकांनी. माळ्यावर आहेत. पाण्याला वास येतो म्हणून कोणी टाकत नाही. विहिरीतच पडलं की कोणी विचारत नाही, घरातल्या हंड्यात टाकायचं म्हटलं की सासरा ओरडतो."

अच्युतराव गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. "या तालुक्यात नऊ गेल्या, चारही तालुक्यांत मिळून सतरा. आकडा वाईट आहे, मान्य. पण साथी पूर्वीही येत होत्या."

"या तालुक्यात मागच्या तेरा वर्षांत या आजाराने किती बाळंतिणी गेल्या?"

आकडा त्यांना तोंडपाठ होता. "दोन," ते म्हणाले. आणि आपण काय उच्चारले ते त्यांच्याच कानावर पडले.

"दोन," ऋता म्हणाली. "आणि आता दहा महिन्यांत नऊ."

"पण ते जुळत नाही," अच्युतराव जवळजवळ पुटपुटले. "तेरा वर्षं तालुक्यातली पाच पदं रिक्त होती. त्या गावांना जलपरीक्षक नव्हताच. तरीही तिथे कोणी मेलं नाही. मग तो गेल्याने आता माणसं का मरावीत?"

"ते मलाही कळत नाही. तुळशीदास गुरवांना विचारा. सोळा वर्षं जलपरीक्षक होते. आता बाजारपेठेत पिठाची गिरणी चालवतात."

गिरणीत ज्वारीचे दळण चालू होते. तुळशीदास गुरव हा पन्नाशीचा, काटक, भुवयांपर्यंत पिठाने माखलेला गृहस्थ. नाव ऐकताच त्याने पट्टा थांबवला.

"मांजरेकर? म्हणजे ते शून्यवाले?"

"तोच."

"बसा. पोत्यावर बसा, खुर्ची नाही. सरकार लहान केल्यापासून खुर्च्या कमी झाल्यात."

अच्युतरावांनी टोमणा ऐकून घेतला आणि थेट प्रश्न केला. रिक्त पदांच्या गावांत तेरा वर्षे रोगराई का झाली नाही?

तुळशीदासने भुवयांवरचे पीठ पुसले. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"तालुक्याला बारा पदं. त्यातली पाच रिकामी. आम्ही उरलो सातजण. पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या भोसल्याकडं जेवायला जमायचो. जेवण झालं की रिकाम्या गावांच्या चिठ्ठ्या तांब्यात टाकायच्या आणि ज्यानं त्यानं काढायच्या. मला माझी चौदा गावं होतीच. वर्षाला वरची दहा-अकरा यायची."

"म्हणजे... तुम्ही त्या गावांतही पावडर टाकत होता?"

"मग काय बघत बसणार? माझी बहीण दिलीय बोरखिंडीत. ते रिकाम्या पदाचं गाव. तिच्या विहिरीत टाकायचं आणि पुढच्या वाडीवरनं तसंच सायकल दामटत जायचं? माणसं वाटेत आडवी येतात साहेब. त्यांना काय ठाऊक कुणाची हद्द कुठं?"

"पण हे दप्तरात कुठेच नाही. एक ओळ नाही."

"कशी असेल? पहिल्या वर्षी भोसल्यानं इमानदारीत लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबानं विचारलं, नेमून दिलेल्या गावांबाहेर सरकारी पावडर टाकायचा अधिकार तुला कुणी दिला? चार महिने निलंबित होता तो. तेव्हापासनं आम्ही सगळं आपापल्याच गावांवर लिहायला लागलो. सांगोपांग लिहायचो, तारीखवार."

"खोट्या नोंदी."

"हो, खोट्या."

जोडीतले दुसरे गाव रिकामे नव्हतेच. यंत्राने ज्या हजारो गावांना 'सेवा नाही' म्हणून एका पारड्यात टाकले होते, त्यांपैकी किती गावांच्या विहिरींवर कोणाच्या तरी बहिणीसाठी, कोणाच्या तरी भिडेखातर सायकल थांबत होती? दोन्ही पारड्यांत एकच वस्तू घालून तराजू समतोल राहिला, आणि त्या समतोलाला त्यांनी शून्य म्हटले.

"आणि दुसऱ्या तालुक्यांत?" त्यांनी विचारले.

"तिथली माणसं काय वेगळी असतात? कुठं चिठ्ठ्या टाकत असतील, कुठं नुसतं ठरलेलं असेल." तुळशीदासने हात झटकले. "नोकरी गेल्यावरही आम्ही टाकत होतो. उरलेली पावडर एप्रिलात संपली. मग पावसाळा आला."

"एवढी पावडर तुम्हाला मिळत कुठून होती?"

"मागायची दुप्पट. विहिरीतला गाळ वाढला, पाणी जास्त आलं, काहीबाही कारण लिहायचं. वरच्यांना कळत होतं, पण ते डोळेझाक करायचे. एकदा मात्र शेरा आला होता की धामणखोऱ्यात पावडर चोरून विकली जाते म्हणून. मुंबईतल्या कुणा शहाण्यानं आकडे बघून ठरवलं होतं. आम्हाला हसू आलं. ही पावडर विकत कोण घेणार?"

अच्युतराव पोत्यावरून उठले आणि पुन्हा बसले. तो शहाणा कोण, हे त्यांनी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मंडळाच्या कचेरीत पोचले. अभावदर्शकाची व्यवस्था पाहणाऱ्या शबनम इनामदार या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. सारी हकिकत ऐकून त्या पडद्याकडे वळल्या.

"सर, यंत्राला हे सांगायचं कसं? तुम्ही एका गिरणीवाल्याशी बोललात. नियमाप्रमाणे तो पुरावा होत नाही."

"मग या वर्षीचे मृत्यू घाला. ते तर रुग्णालयाच्या दप्तरातले आहेत. त्यांत खोटं काही नाही."

त्यांनी ते घातले. यंत्राने काही मिनिटे घेतली आणि नेहमीच्या निर्विकारपणे उत्तर लिहिले. फरक संभवतो. निश्चितता शेकडा अठ्ठ्याऐंशी. बंदीचा निर्णय मागे घेण्यास आवश्यक निश्चितता शेकडा पंचाण्णव. आतापर्यंतचे मृत्यू सतरा. आणखी आवश्यक मृत्यू : सहा.

इनामदारबाईंनी पडदा किंचित आपल्याकडे वळवला, जणू तो अच्युतरावांना दिसू नये.

यात यंत्राचा दोष नव्हता. थोड्या घटनांवरून निष्कर्ष काढला तर योगायोगालाच कारण समजण्याची चूक होते. म्हणून शास्त्रज्ञ आधीच एक रेघ आखतात आणि तिच्या अलीकडे जे पडेल त्याला 'अजून ठाऊक नाही' असे म्हणतात. औषधांची परीक्षा अशीच होते. कायद्यात ही रेघ अच्युतरावांनी आखली होती. दूरचित्रवाणीवर एक रडणारा चेहरा दिसला की मंत्री बंद केलेले खाते पुन्हा उघडतात, या रोगावरचा तो उतारा होता. त्या रेघेच्या बाजूने त्यांनी विधिमंडळाच्या समितीपुढे दीड तास भाषण केले होते. तिच्या पलीकडे जाण्यासाठी सहा स्त्रिया मराव्या लागतील, असे त्यांच्या मनात आले नव्हते. त्या भाषणात तो आकडा मृत्यूंचा नव्हता. तो घटनांचा होता.

"दुसरी वाट आहे," इनामदारबाई म्हणाल्या. "ज्यांनी नोंदी केल्या त्यांनीच त्या खोट्या असल्याचं प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं. मग यंत्र त्या वगळून नव्याने गणित करेल. पण मग कलम एकोणीस लागतं."

कलम एकोणीस अच्युतरावांना पाहायची गरज नव्हती. यंत्राला चुकीची माहिती पुरवणाऱ्यास तीन वर्षांचा कारावास. माहिती पुरवणाऱ्याचा हेतू विचारात घेतला जाणार नाही. शेवटचा भाग मसुद्यात नव्हता. सरकारी नोकर पकडला गेला की हमखास सद्हेतूची ढाल पुढे करतो, असे सांगून तो त्यांनी घालायला लावला होता.

त्यांनी तुळशीदासला फोन केला आणि आडपडदा न ठेवता दोन्ही वाटा सांगितल्या.

पलीकडे गिरणीचा आवाज बंद झाला. "माझं मी लिहून देतो," तुळशीदास म्हणाला. "पण माझ्या एकट्यावर भागतंय का?"

"नाही. सातही जणांचं लागेल."

"सातांतले दोघे पेन्शनीवर. एक वारला, त्याची बायको त्याच्या पेन्शनीवर जगते. ती काय लिहून देणार? आणि भोसल्या एकदा पोळलाय. सहा म्हणालात ना? वॉर्डात पाच आहेत."

"हो."

"उद्या सगळ्यांना गाठतो. काय होतंय बघू."

अच्युतरावांनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी इनामदारबाईंना धामणखोऱ्याच्या पावडरीच्या नोंदी काढायला सांगितल्या. सर्व नोंदी तिथेच होत्या. प्रत्येक जलपरीक्षकामागे, चौदा गावांना लागेल त्याच्या दुपटीहून किंचित कमी पावडर, दर वर्षी, न चुकता. एवढी जादा पावडर दिसल्यावर ती कुठे गेली असा प्रश्न अभावदर्शकाने आपण होऊन विचारायला हवा होता. त्याने तो का विचारला नाही?

"कारण त्याला उत्तर आधीच दिलेलं आहे," इनामदारबाई हळूच म्हणाल्या. प्रत्येक जादा आकड्यापुढे एक शब्द भरलेला होता : अपहार. चोरीला गेलेली वस्तू कोणत्याही गावाला पोचत नाही. म्हणून यंत्राने ती हिशेबातून वजा केली होती. राज्यातल्या दोनशे अकरा तालुक्यांत हेच. "सर, हा शब्द तुमच्या सहीने भरला गेलाय."

त्यांना तो दिवस आठवला. यंत्र अडले होते. जादा पावडरीचे स्पष्टीकरण मागत होते. त्यांनी चहा पिता पिता सांगितले होते, अहो, सरकारी माल जादा लागला की त्याचा अर्थ एकच असतो. तेरा वर्षे सात माणसांनी सायकलवरून वाहून नेलेल्या पावडरीला त्यांनी एका घोटाबरोबर चोरी ठरवले होते. त्यांच्या व्याख्यानांत तर हे लाडके उदाहरण झाले होते. श्रोते तिथे हमखास हसत.

"हा शब्द काढला तर?"

"तर यंत्र त्या पावडरीची वाट स्वतः शोधेल. कोणाच्याही जबानीची गरज नाही. पण नोंद चुकीची होती असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. प्रतिज्ञेवर." त्यांनी वर पाहिले. "कलम एकोणीस तुम्हालाही लागू आहे, सर. तुमचा हेतू..."

"विचारात घेतला जाणार नाही. ठाऊक आहे. कागद द्या."

"निदान एखाद्या वकिलाला विचारा."

"वकील म्हणेल, वाट पाहा. वाट पाहिली तर काय होईल ते यंत्राने आत्ताच सांगितलंय."

अक्षर नेहमीसारखे रेखीव येईना. एक शब्द खोडावा लागला, त्यावर त्यांनी नियमाप्रमाणे छोटी सही केली. यंत्राचे काम सुरू झाले. दोनशे अकरा तालुक्यांचे गणित नव्याने मांडायला त्याला चार तास लागणार होते. तिसऱ्या तासाला ऋताचा फोन आला. सरिता ढवण गेली होती. मूलही हाती लागले नव्हते.

अच्युतरावांच्या मनात जो पहिला विचार आला, त्याने ते जन्मात कधी हादरले नव्हते इतके हादरले. तो विचार असा होता : आता पाच.

यंत्राचे उत्तर साडेपाचला आले. जादा पावडर रिक्त पदांच्या गावांत वापरली गेल्याचे आढळते. सेवा बंद केल्यास धामणखोरे तालुक्यात पडणारा फरक : वर्षाला सरासरी अकरा मृत्यू. निश्चितता शेकडा सत्त्याण्णव. आणखी आवश्यक मृत्यू : शून्य.

समितीपुढे त्यांनी सारे क्रमवार मांडले. सभागृहात, अपेक्षेप्रमाणे, दोन्ही बाजूंनी एकदमच बोलणे सुरू झाले.

"याचा अर्थ बारा जणांचं काम सातांनी केलं," सत्ताधारी बाकावरचे एक सदस्य म्हणाले. "म्हणजे पाच पदं फालतू होतीच. प्राध्यापकांचंच म्हणणं सिद्ध होतं."

"याचा अर्थ तुम्ही पाच माणसांचा पगार तेरा वर्षं खाल्लात," समोरून एक सदस्या म्हणाल्या. "बाकीच्या एकतीस सेवाही उद्याच्या उद्या सुरू करा."

समितीच्या अध्यक्षांनी अच्युतरावांकडे पाहिले. "त्या एकतीसांचं काय? तिथलं शून्य खरं की असलंच?"

"मला ठाऊक नाही," अच्युतराव म्हणाले. हे तीन शब्द त्यांनी या सभागृहात कधी उच्चारले नव्हते. "काहींचं खरं असेल. ज्याची गरज नाही असं सरकार नकोच, हे माझं मत आजही आहे. पण गरज कशाची नाही हे कागदावरून ओळखता येतं, असं मी धरून चाललो. कागद लिहिणाऱ्याला खरं लिहिण्याची शिक्षा आपणच ठेवली होती, हे मी पाहिलं नाही."

"ती पावडर रिक्त गावांत नेणारे कर्मचारी कोण? नावं आहेत?"

"यंत्र तालुक्याची बेरीज देतं. नावं देत नाही."

"तुम्ही त्यांपैकी कोणाशी बोललात?"

अच्युतरावांनी चष्मा काढून पुसला. "एका गिरणीत एका गृहस्थांशी बोललो. नाव विचारायचं राहून गेलं."

इनामदारबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. सर काहीही विचारायचे विसरत नाहीत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी मान खाली घातली.

ठराव मागे घेतला गेला. चारही तालुक्यांत सेवा पूर्ववत सुरू करण्याचा आदेश निघाला आणि त्याचबरोबर कलम एकोणीसखाली मंडळाचे अध्यक्ष मांजरेकर यांचे प्रकरण पोलिसांकडे पाठवण्याचाही. दुसरा आदेश त्याच दिवशी लागू झाला. पहिल्याला पंचेचाळीस दिवस लागणार होते. घाईघाईने खर्च वाढू नये म्हणून बंद सेवा उघडण्यापूर्वी तेवढी मुदत कायद्याने बंधनकारक होती. ती मुदत कोणी सुचवली, हे सभागृहात कोणी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी अच्युतरावांनी बाजारातून स्वतःच्या पैशाने पावडरीची चार पिंपे विकत घेतली, जामिनाचा कागद खिशात घातला आणि धामणखोऱ्यात गिरणीसमोर गाडी उभी केली.

तुळशीदासने पिंपांवर नजर टाकली. "ही हिशेबात कुठल्या हेडखाली लिहायची?"

"कुठल्याच नाही."

"मग खरीच असणार," तो म्हणाला आणि गिरणीला कुलूप लावून गाडीत बसला.

पहिली विहीर सरिताच्या सासरची. तुळशीदासने दोर सोडून पाण्याची खोली मोजली, मनातल्या मनात गुणाकार केला आणि पावडर बादलीत कालवायला लावली. अच्युतरावांनी ती पुन्हा वजन करून घेतली. हजार लिटरला पाच ग्रॅम, त्यात कमी-जास्त नको.

"साहेब, औषध आहे, सोनं नाही. चिमूटभर इकडंतिकडं चालतं."

"चालत नाही," अच्युतराव म्हणाले. "चिमूटभर चाललं म्हणूनच हे सगळं झालं."

तुळशीदासने वाद घातला नाही. अर्ध्या तासाने त्याने काचेच्या नळीत पाणी घेऊन ती अच्युतरावांच्या हाती दिली आणि त्यात औषधाचे थेंब सोडले. पाण्यावर फिकट पिवळसर झाक आली, म्हणजे मात्रा पुरेशी होती. तेवढ्यात कळशी घेऊन एक बाई पायऱ्या उतरली. दिवस भरत आलेले असावेत, ती कठड्याला धरून पाऊल टाकत होती. तिने पिंप पाहिले, नळी पाहिली, मग अच्युतरावांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिले.

"तुळशीदासभाऊंना ओळखते मी. तुम्ही सरकारकडून आलात का?"

तुळशीदास उत्तराची वाट पाहत त्यांच्याकडे वळला. ज्या माणसाने तीस वर्षे, सरकार हवे कशाला, या एकाच प्रश्नावर कोणाला जिंकू दिले नव्हते, तो नळी हातात धरून उभा राहिला.

"ते अजून ठरायचं आहे, बाई," अच्युतराव म्हणाले. "तोवर, औषध टाकलंय तरी, पाणी उकळून प्या."